जामीनदार पाहिजे

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



तुरुंगाच्या मोठ्या दरवाज्याला एक लहान दार असतं. सुटणारा माणूस त्या दारातून वाकून बाहेर येतो. त्याच्या हातात एक पिशवी असते. पिशवीत अटकेच्या वेळी जमा करून घेतलेले कपडे, बंद पडलेलं घड्याळ, आत केलेल्या कामाचे साठलेले थोडे पैसे आणि सुटकेचा कागद. घरापर्यंतचं भाडं नियमानं मिळतं. अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहातून सुटलेला आमच्या भागातला माणूस बडनेऱ्याला गाडी धरतो, धामणगावला उतरतो आणि यवतमाळकडे जाणाऱ्या एसटीत बसतो. त्या एसटीत तो चारचौघांसारखा एक प्रवासी असतो. कंडक्टर त्याला तिकीट देतो, शेजारचा माणूस त्याच्याकडे तंबाखू मागतो. मला वाटतं, त्याच्या सुटकेतला सगळ्यात सुखाचा तास तोच असावा. बाभुळगावच्या स्टॅंडवर उतरला, की कुणीतरी ओळखतं आणि मग दुसरी शिक्षा सुरू होते. हिची मुदत कोणत्याही न्यायाधीशानं ठरवलेली नसते.

मी कविता लिहितो, पण कवितेवर चूल पेटत नाही. पोटासाठी मी अर्जनवीस आहे. बी.ए. झालो, नोकरी लागली नाही, तेव्हा कचेरीसमोर टेबल टाकलं. तेव्हापासून लोकांचे अर्ज लिहितो. फेरफार, वारसान, ऐपतीचा दाखला, रेशनकार्डात नाव चढवणं, कमी करणं. माणसाच्या आयुष्यात काय काय घडतं हे कथाकारापेक्षा अर्जनवीसाला जास्त ठाऊक असतं, असा माझा दावा आहे. कारण कथा सांगताना माणूस थोडं वाढवून सांगतो, अर्जात तसं करता येत नाही. माझ्या टेबलासमोर येणाऱ्यांत सुटून आलेली माणसं बरीच असतात. त्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे.

आमच्या तालुक्याला तुरुंग नवा नाही. बाभुळगावातच जन्मलेले स्वातंत्र्यसैनिक जवाहरलाल दर्डा १९४२ च्या आंदोलनात जबलपूरच्या तुरुंगात होते. त्याआधी १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, तेव्हा या जिल्ह्यातले किती तरी साधे शेतकरी गवत कापून तुरुंगात गेले. ती माणसं सुटून आली, तेव्हा गावानं त्यांना हार घातले. गुलालही उधळला असेल. तो तुरुंग वेगळा आणि हा वेगळा, हे मला कळतं. देशासाठी आत जाणं आणि शेजाऱ्याच्या डोक्यात कुऱ्हाड घालून आत जाणं याची बरोबरी कोणी करू नये. पण एक गोष्ट त्या हारांमुळे लक्षात येते. तुरुंगातून आलेल्या माणसाचं काय करायचं हे गावाला पूर्वी ठाऊक होतं. आता जो येतो, त्याचं काय करायचं हे गावाला ठाऊक नाही. हार घालायचा नाही, हे ठीक. पण मग काय करायचं?

पहिली अडचण कागदाची. देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं. त्याआधी आत गेलेला माणूस चौदा-पंधरा वर्षांनी बाहेर आला, तर त्याला हा देश नवाच वाटतो. सिम कार्डाला आधार, बॅंकेला आधार, रेशनला अंगठा, गॅसला पुस्तक. रेशनकार्डातून त्याचं नाव कधीच कमी झालेलं असतं. घरच्यांनीच केलेलं असतं, त्यात त्यांचा दोष नाही. सातबाऱ्यावर भावाचं नाव चढलेलं असतं. बाप आतमध्ये असतानाच वारलेला असतो आणि वारसाच्या नोंदीत हा ‘बाहेरगावी’ असं तलाठ्याला सांगितलेलं असतं. ‘बाहेरगावी’ हा आमच्याकडचा तुरुंगासाठीचा सभ्य शब्द आहे. लेकरांनाही तोच सांगतात. लेकरं शाळेत तोच सांगतात आणि शाळेतल्या सगळ्यांना त्याचा अर्थ ठाऊक असतो.

इथं थोडं थांबून एका माणसाचं सांगतो. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. आमच्या तालुक्यात ‘पुनर्वसन’ हा शब्द म्हाताऱ्या बाईलाही ठाऊक आहे. कारण बेंबळा धरण. बेंबळेच्या पाण्यात गावं उठली, नवी गावठाणं बसली, भूखंड वाटले गेले. हा माणूस आत गेला तेव्हा त्याचं गाव जुन्या जागी होतं. खून झाला होता, धुऱ्याच्या वादातून. तो आला तेव्हा जुनं गाव पाण्याखाली होतं. गाव उठलं हे त्याला भेटीला आलेल्या भावानं सांगितलं होतं. पण गाव उठणं म्हणजे काय, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. नव्या गावठाणात तो आपल्या भावाचं घर विचारत फिरला. रस्ते सरळ, खांबांना नंबर. ज्या पोरांना विचारलं, ती तो गेल्यावर जन्मलेली. भूखंडाच्या यादीत कुटुंबप्रमुख म्हणून भावाचं नाव होतं, याचं नव्हतं. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “चाचा, समद्या गावाचं पुनर्वसन झालं, माहंच राह्यलं.” मी तो अर्ज लिहिला. विषयाच्या ओळीत ‘पुनर्वसनाबाबत’ असं लिहिलं आणि क्षणभर मलाच कळेना, की हा अर्ज धरणाच्या कचेरीत द्यायचा, की आणखी कुठं.

या माणसाला चौदा वर्षांत रजा मिळाली नव्हती. तुरुंगाच्या रजा दोन. एक संचित रजा, तिला फर्लो म्हणतात. दुसरी अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. या रजा काही मेहरबानी म्हणून केलेल्या नाहीत. कैद्याचा घराशी धागा तुटू नये, त्याला बाहेरच्या जगाची सवय राहावी, हा त्यांचा हेतू आहे. पण रजेसाठी गावातून पोलिसांचा अहवाल लागतो आणि जामीनदार लागतो. भाऊ जामीनदार व्हायला तयार होता, पण त्याची बायको तयार नव्हती. मी तिला दोष देत नाही. वेळेवर परत गेला नाही, तर बैलजोडी कोणाची जाणार?

लोक म्हणतात, जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं. तसं नाही. जन्मठेप म्हणजे जन्मभर. खुनासारख्या गुन्ह्यात निदान चौदा वर्षं आत काढल्याशिवाय सरकार सुटकेचा विचार करू शकत नाही, एवढाच त्या चौदाचा अर्थ. त्यानंतरही वागणूक, गुन्ह्याचं स्वरूप, अहवाल असं पुष्कळ पाहिलं जातं. म्हणजे जो सुटून आला, त्याला सरकारनं पारखून सोडलेला असतो. तरी गाव पुन्हा पहिल्यापासून खटला चालवतं.

दुसरी अडचण कामाची. पाडव्याला सालगडी ठरतात. सुटून आलेल्याला सालानं कोणी ठेवत नाही, कारण सालगडी म्हणजे वाड्यात, गोठ्यात, घरात वावरणारा माणूस. हंगामात जिनिंगमध्ये हमाली मिळते, तिथं कोणी फारसं विचारत नाही. बांधकामावर मिळते. आणि जे काम दुसऱ्यांना नको असतं ते मिळतं, म्हणजे कपाशीवर फवारणी. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे तुम्हाला आठवत असेल. शहरात जाऊन वॉचमन व्हावं, ड्रायव्हर व्हावं, तर चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. तिथं त्याचा रस्ता संपतो. आत तो सुतारकाम शिकलेला असतो, हातमागावर चादरी विणलेल्या असतात, बेकरीत पाव भाजलेला असतो. कारागृहात बनलेल्या वस्तूंचं प्रदर्शन लागलं, की लोक हौसेनं सतरंज्या घेतात, खुर्च्या घेतात, टिकाऊ असतात म्हणून कौतुक करतात. ती खुर्ची बनवणारा दारात आला, तर त्याला बसायला खुर्ची देत नाहीत.

हजरत यूसुफ यांची गोष्ट आम्ही लहानपणी ऐकत आलो. न केलेल्या गुन्ह्यासाठी ते मिसरच्या तुरुंगात होते. त्यांच्या सोबतचा एक कैदी सुटणार होता, त्याला ते म्हणाले, तुझ्या मालकाजवळ माझी आठवण काढ. तो सुटला आणि विसरून गेला. यूसुफ आणखी काही वर्षं आतच राहिले. पुढं बादशहानं बोलावणं पाठवलं, तेव्हा ते लगेच बाहेर आले नाहीत. आधी माझ्यावरच्या आरोपाची चौकशी करा, म्हणाले. नाव साफ झालं तेव्हाच निघाले आणि पुढं मिसरच्या धान्यकोठारांचे कारभारी झाले. तुरुंगातून सुटलेल्या माणसाच्या हाती बादशहानं राज्याचा खजिना दिला. आमच्या बाजारपेठेत किराणा दुकानाचा गल्लासुद्धा कोणी देत नाही. तिकडं आमचे हिंदू शेजारी दरवर्षी गोकुळाष्टमीला बंदिशाळेत जन्मलेल्या देवाचा पाळणा हलवतात. दोन्ही धर्मांत तुरुंग असा पवित्र होऊन बसला आहे; फक्त यवतमाळचा, अमरावतीचा तेवढा राहून गेला.

असं कुठं वेगळं घडलंच नाही का? घडलं आहे आणि आपल्याच राज्यात घडलं आहे.

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. १९३९ मध्ये हा भाग औंध संस्थानात होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, ज्यांना लोक बाळासाहेब म्हणत, सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे, स्वतः चित्रकार. त्याच वर्षी त्यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी घटना स्वीकारली. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत यांच्याबरोबर मॉरिस फ्रीडमन नावाचा एक माणूस औंधात आला होता. पोलंडचा ज्यू, पेशानं इंजिनिअर, ‘भारतानंद’ या नावानंही ओळखला जाणारा. या मंडळींनी ठरवलं, की कैद्यांसाठी भिंती नसलेली वसाहत करायची. यात खून केलेलेही होते. त्यांना जमीन दिली, विहीर दिली, घरं दिली आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या बायकापोरांना सोबत राहू दिलं. कुंपण नाही, बेड्या नाहीत. माळ फोडायचा आणि पिकवायचं.

यातलं कुटुंबाचं कलम मला फार मोलाचं वाटतं. तुरुंग माणसाला शिक्षा देतो आणि त्याच्या घराची मोडतोड करून टाकतो. मग सुटल्यावर आपण त्याला म्हणतो, घरी जा. घर कुठं राहिलं? स्वतंत्रपुरात शिक्षा होती, पण घर शाबूत होतं. सकाळी बायकोनं दिलेली भाकर खाऊन शेतावर जाणारा आणि पोराला शाळेत पाठवणारा माणूस सुटायच्या आधीच निम्मा बाहेर आलेला असतो. ही वसाहत नंतर राज्याच्या कारागृह विभागाकडे आली आणि खुली वसाहत म्हणून पुढंही चालू राहिली.

याच प्रयोगावरून व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये ‘दो आंखें बारह हाथ’ काढला. लेखन ग. दि. माडगूळकरांचं, आणि गदिमा तर त्याच मुलखातले, शेटफळ्याचे. बर्लिनच्या महोत्सवात १९५८ मध्ये त्याला पारितोषिक मिळालं. सहा खुनी कैदी, एक जेलर, ओसाड माळ. सिनेमा पाहिलेल्यांना शेवटी बैलांशी झालेली झुंज आठवते, प्रार्थना आठवते. मला बाजाराचा प्रसंग आठवतो. कैद्यांनी पिकवलेली भाजी ते बाजारात स्वस्त विकतात आणि तिथले व्यापारी चिडून त्यांना बेदम मारतात. कैदी हात उचलत नाहीत. हा प्रसंग लिहिणाऱ्याला बाजार चांगला ठाऊक होता. माळरान माणसाला सामावून घेतं. बाजाराला त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

आमच्या विदर्भातही मोर्शीला खुलं कारागृह आहे, मराठवाड्यात पैठणला आहे. चांगल्या वागणुकीच्या कैद्यांना तिथं पाठवतात आणि ते शेती करतात. पण सगळ्या कैद्यांच्या मानानं ही संख्या लहानच. विनोबांनी १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात दरोडेखोरांकडून बंदुका खाली ठेवून घेतल्या, १९७२ मध्ये जयप्रकाशांनी तेच काम पुढं नेलं. दरोडेखोर म्हटल्यावर देशाचं लक्ष जातं. धुऱ्यावरून भांडलेल्या कुणब्याकडं आणि मोटारसायकल चोरलेल्या पोराकडं कोण बघणार?

आता जी गोष्ट सांगतो, ती मला फार टोचते. आपण ‘सुटून आलेला’ म्हणतो, तेव्हा मनात धरतो, की यानं गुन्हा केला होता. २०२२ च्या अखेरची सरकारी आकडेवारी आहे. देशभरच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसं होती आणि त्यातली ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे शंभरातले जवळजवळ शहात्तर. त्यांच्यावरचा खटला संपायचा होता. त्यातले कितीतरी पुढं निर्दोष सुटतात. पण निर्दोष सुटलेल्याची वरात निघत नाही. अटकेची बातमी छापून येते, सुटकेची येत नाही. गावाच्या लेखी दोघे सारखेच, ‘आत जाऊन आलेले’.

आणि हे कच्चे कैदी आत का असतात? पुष्कळदा केवळ जामीनदार मिळत नाही म्हणून. न्यायालयानं जामीन मंजूर केलेला असतो. पंधरा हजाराचा जामीनदार आणा म्हटलेलं असतं. ऐपतीचा दाखला काढायला माझ्याकडं त्याची म्हातारी आई येते. तिच्या नावावर काही नाही. मी विचारतो, मावशी, कोणी नातेवाईक? ती गावातल्या चार नावांची यादी सांगते आणि स्वतःच एकेक नाव खोडत जाते. “तो नाई येनार. तो बी नाई. त्याच्या सुनंचं आमचं भांडन हाय.” शेवटी कोणी उरत नाही. मी हे दृश्य इतक्यांदा पाहिलं आहे, की जामीनदार या शब्दाविषयी एक कविताच लिहावी असं मनात येतं. मग वाटतं, त्यापेक्षा अर्ज लिहावा.

कायद्यानं काही दारं उघडली आहेत, ती लोकांना ठाऊक नसतात म्हणून सांगतो. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या माणसानं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बॉंडवर सोडावं असं म्हटलं आहे. इतरांसाठी हा काळ निम्मा आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असतील तरी अडचण येते. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं, की ही तरतूद जुन्या खटल्यांतल्या कच्च्या कैद्यांनाही लागू आहे. शिवाय केंद्र सरकारनं २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तेव्हा जामिनाच्या रकमेसाठी ४० हजारांपर्यंत, दंड भरण्यासाठी २५ हजारांपर्यंत मदत ठरवली होती. दंडाचे चार-पाच हजार भरता आले नाहीत, म्हणून शिक्षा संपूनही आत राहिलेली माणसं असतात. आमच्यात रमजानमध्ये जकात काढतात. जकातीच्या आठ वाटांमध्ये बंधनात अडकलेल्याची मान सोडवणं ही एक वाट सांगितली आहे. काही जण त्या पैशातून कैद्यांचे दंड भरतात, धर्म न विचारता. यादी मिळवायला तेवढे कष्ट पडतात.

पारधी बेड्यावरच्या माणसाचं दुःख आणखी निराळं. तो आत जाऊन आलेला नसला, तरी आत जाऊन आल्यासारखाच त्याच्याशी व्यवहार होतो. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो १९५२ मध्ये रद्द झाला, माणसं ‘विमुक्त’ झाली. आणि तरीही तुरुंगाच्या नियमावल्यांत जातीवरून कामं वाटण्याची आणि या जमातींना सराईत गुन्हेगार मानण्याची कलमं राहून गेली होती. ती ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवली. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी केलेल्या याचिकेवर तो निकाल झाला. १९५२ ते २०२४. मी गणित कच्चा आहे, पण ही वजाबाकी मला येते. एखादा पारधी किंवा मुसलमान पोरगा सुटून आला आणि खोली भाड्यानं मागायला गेला, तर त्याच्यावर दोन-दोन शिक्के असतात. घरमालक त्यातला कोणता वाचून दार लावतो, हे शेवटपर्यंत कळत नाही.

सरकारनं याचा विचार केला नाही असं नाही. १९८० मध्ये देशातल्या तुरुंगांच्या सुधारणेसाठी एक समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला. नाव ऐकून पुष्कळांना ते मुसलमान वाटतात. ते लखनौचे काश्मिरी पंडित आणि उर्दूचे मोठे शायर. १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना उर्दू कवितेसाठी मिळाला. अलाहाबाद उच्च न्यायालयात असताना त्यांनी पोलिसांविषयी इतके कडक शेरे मारले होते, की पुढं सर्वोच्च न्यायालयानं ते निकालपत्रातून काढून टाकले. अशा शायरानं १९८३ मध्ये तुरुंगांवरचा अहवाल दिला. सुटकेनंतरच्या देखभालीचा आणि पुनर्वसनाचा त्यात वेगळा विचार आहे. संयुक्त राष्ट्रसंघाचे २०१५ चे नेल्सन मंडेला नियमही तेच म्हणतात, की शिक्षेच्या पहिल्या दिवसापासूनच सुटकेनंतरच्या आयुष्याचा विचार झाला पाहिजे. कवी मंडळी सरकारी कामाची नाहीत असं आमच्या कचेरीतले लोक म्हणतात, तेव्हा मी त्यांना मुल्लासाहेबांचं नाव सांगतो.

त्या विचाराचं गावापर्यंत किती पोचलं? जिल्ह्याला परिविक्षा अधिकारी असतो. तो महिला व बालविकास विभागाकडे येतो. सुटलेल्या माणसाला मदत करणं हे त्याच्या कामात बसतं. पण सुटलेल्या दहा जणांना विचारा, ‘परिविक्षा’ हा शब्द त्यांतल्या एकालाही धड उच्चारता येणार नाही. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून हे काम करत आला आहे. आमच्या बाजूला अमरावतीची ‘वऱ्हाड’ ही संस्था कैदी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी धडपडते. महाराष्ट्र राज्य सहकारी बॅंकेनं १ मे २०२२ पासून येरवड्यात ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. आत काम करणाऱ्या कैद्याला सात टक्के व्याजानं ५० हजारांपर्यंत कर्ज, त्याच्या आतल्या मजुरीवर, तारण न मागता. पोरीचं लग्न, आईचं औषध, वकिलाची फी यासाठी. घरी पैसे पाठवू शकलेल्या कैद्याला घर विसरत नाही, हा त्यातला व्यवहार मला पटतो.

बायकांचं मात्र फार कठीण आहे. पुरुष सुटला, तर निदान त्याची आई दाराशी उभी राहते. बाई सुटली, तर सासरचं दार बंद आणि माहेरचं अर्धवट. एक बाई माझ्याकडं आली होती. सात वर्षांनी निर्दोष सुटली होती. तिला तिच्या मुलीच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल पाहिजे होती. मुलगी कुठल्या शाळेत आहे हे तिला सांगत नव्हते. मी तिला म्हटलं, बाई, अर्ज मुख्याध्यापकाला लिहायचा, तर शाळेचं नाव पाहिजे. ती म्हणाली, “नाव मालूम असतं, तं म्या अर्ज कायले लिवला असता? गेटवर जाऊन उभी राह्यली असती.” आईबाप तुरुंगात असलेल्या लेकरांसाठी बालसंगोपन योजनेतून दरमहा अनुदान मिळतं. त्या मुलीला ते मिळालं असतं, तर कुठंतरी नोंद राहिली असती आणि आईला माग लागला असता. कोणी अर्जच केला नव्हता.

आता दुसरी बाजू. ती टाळली, तर हे भाषण खोटं होईल. वर ज्याचं सांगितलं, त्या धुऱ्याच्या खुनातल्या मेलेल्या माणसाची विधवा त्याच नव्या गावठाणात राहते. तिचे पोरं तेव्हा चार आणि सहा वर्षांची होती. तिनं निंदणखुरपण करून ती वाढवली. तिच्यासाठी कुठलं शिबिर झालं नाही, कुठली योजना दारात आली नाही. मी एकदा तिच्याशी बोललो. ती शांतपणे म्हणाली, “सरकारनं सोडलं असंन भाऊ, म्या नाई सोडलं.” मला यावर उत्तर नाही आणि असावं असंही वाटत नाही. तिनं माफ करावं, असं तिला सांगण्याचा अधिकार मला नाही, गावाला नाही, कुठल्या समाजसेवकाला तर नाहीच. सुटलेल्या माणसाला जागा देणं म्हणजे तिला गप्प बसवणं नव्हे. ज्यांना पुनर्वसनाचं काम करायचं आहे, त्यांनी आधी तिच्या घरी जावं, असं माझं मत आहे. मुलांच्या शिक्षणाचं काय, शेताचं काय, भीती वाटते का, हे विचारावं.

त्या दोघांत गावातल्या चार म्हाताऱ्यांनी एक रीत पाडली. तो तालुक्याच्या गावी राहतो. वाट्याचं शेत त्यानं मक्त्यानं दिलं आहे. पोळ्याला तो गावात येतो, तेव्हा तिच्या घरावरून जाणारा रस्ता न घेता मागच्या पांदणीनं येतो. तिचा मोठा मुलगा आणि तो एकदा एसटीत समोरासमोर आले. दोघंही बोलले नाहीत, दोघंही उतरले नाहीत. एवढंच. याला पुनर्वसन म्हणायचं की नाही मला ठाऊक नाही, पण या घडीला दोन्ही घरांत कोणी कुऱ्हाडीला हात लावत नाही.

काम त्याला एका सायकल-पंक्चरवाल्यानं दिलं. का दिलं, असं मी त्या पंक्चरवाल्याला विचारलं. त्याला वाटलं, मी काही मोठं ऐकायला आलो आहे. तो म्हणाला, “माह्याजवळ चोरून न्यायसारखं हाय काय? टायर-ट्यूब. आन मले मानूस पाहिजे होता.” आता गिऱ्हाईकं त्या माणसाला नावानं हाक मारतात. मधे त्यानं मला सांगितलं, “चाचा, आत मले नंबर होता. गावात आलो, तं खुनी होतो. आता पंक्चरवाला झालो.”

ज्यांच्या घरी असं कोणी सुटून येणार आहे, त्यांच्यासाठी थोडं कामाचं सांगतो आणि थांबतो. सुटकेचा कागद जपून ठेवा, त्याच्या चार झेरॉक्स काढा. आधार नसेल तर आधी ते काढा. बाकी सगळं त्याच्या मागून येतं. रेशनकार्डात नाव चढवण्याचा अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत द्यायचा. मतदार यादीत नाव आहे का ते पाहा. तुरुंगात असताना मत देता येत नाही, पण बाहेर आलेल्याला येतं, आणि मतदार म्हणून यादीत नाव असणं ही लहान गोष्ट नाही. वकील परवडत नसेल, तर यवतमाळला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. बायकांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कोठडीत असलेल्यांना तिथं फुकट वकील मिळतो. आतमध्ये असलेल्या माणसाच्या जामिनाचा प्रश्न असेल, तर तिथंच विचारा. आणि अर्ज लिहिणारा कोणी नसेल, तर बाभुळगावला कचेरीसमोर माझं टेबल आहे. अशा अर्जाचे मी पैसे घेत नाही. येताना दोन फोटो आणि घरातल्या एखाद्या माणसाला सोबत घेऊन या.